प्लास्टर निघालं, आता हात मोकळा करायचाय

प्लास्टर निघालं की हात बरा झाला, असं वस्तीत सगळेच धरून चालतात. बिगारी काम करणारा दादा दुसऱ्या दिवशी घमेलं उचलतो, धुण्याभांड्याला जाणारी ताई चादरी पिळायला बसते. मग कोपर ठणकतं, हात सरळ होत नाही, कुलूप उघडताना मनगटापासून कोपरापर्यंत कळ जाते. घरचे म्हणतात, "फोटोत हाड जुळलंय, मग दुखतंय कुठं?" पण हे दुखणं खोटं नसतं.

हाड जुळेपर्यंत सांधा कित्येक आठवडे हललेला नसतो. कोपर तर फार लवकर आखडतं. भोवतीचं आवरण आकसतं, स्नायू बारीक होतात. कोपराखाली दोन हाडं असतात. तळवा वर-खाली करताना त्यातलं एक दुसऱ्यावरून फिरतं. म्हणून पिळणं, चावी फिरवणं, तळहातावर ताट धरणं जड जातं. हे सुटायला बरेचदा काही महिने लागतात.

डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलं की घरीच सुरुवात करा. आधी दहा मिनिटं कोमट शेक द्या. मग कोपर हळू वाकवा, सरळ करा. कोपर अंगाला टेकवून तळवा आभाळाकडे, मग जमिनीकडे करा. मूठ घट्ट मिटा, उघडा. खांदाही वर उचला. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ओढ बसली, थोडं दुखलं तर चालेल. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा, पण बंद करू नका. हात सतत झोळीत ठेवला तर तो आणखी आखडतो.

कोपर जोरात चोळून घेऊ नका. कुणाला ओढायला लावू नका. पाण्याची बादली लटकवून हात सरळ करायचा सल्लाही ऐकू नका. अशा जबरदस्तीने कोपराभोवतीच्या स्नायूत नवं हाड धरू शकतं आणि सांधा कायमचा अडकू शकतो.

करंगळीला मुंग्या येत असतील, हात सुजून चकाकत असेल, आग होत असेल, मोडलेल्या जागी दाबल्यावर अजून कळ येत असेल किंवा दुखणं आठवड्यागणिक वाढत असेल, तर पुन्हा दाखवा.

एक धोका मात्र थांबत नाही. प्लास्टर किंवा कामट्यांची पट्टी घट्ट झाली, बोटं गार, निळी, बधिर पडली, बोट सरळ करताच मूल किंचाळलं, तर सकाळची वाट बघू नका. रक्त न मिळाल्याने काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. त्याच रात्री दवाखाना गाठा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात गेलात तर नुसत्या गोळ्या घेऊन परतू नका. "हात सरळ होत नाही, व्यायाम शिकवणाऱ्यांकडे पाठवा," असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर फिजिओथेरपी लिहून घ्या.

आणि घरच्यांनो, जड उचलायला डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्याचा हंडा दुसऱ्या कुणीतरी भरा. आपलं पोट हातावर आहे. तो हात महिनाभर जपला, तर पुढची वीस वर्षं चालेल.