मुलांच्या मापाची सहल

भाऊबीज आटोपते, चकल्यांचा डबा तळाशी जातो, आणि घरोघरी एकच प्रश्न डोके वर काढतो : "बाबा, सुट्टी संपत आली. आपण कुठं जायचं?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मामाच्या गावाला! हल्ली मामाच मुळी शेजारच्या उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचीही मुले त्याला हाच प्रश्न विचारीत असतात. मग उत्तर मुलेच सुचवतात. वर्गातले कुणी तरी खोपोलीजवळचे इमॅजिका पाहून आलेले असते, कुणी सहलकंपनीबरोबर थेट हाँगकाँगच्या डिस्नेलँडपर्यंत मजल मारलेली असते. आईबाबा एकमेकांकडे पाहतात आणि मनातल्या मनात आकडे मांडू लागतात : चौघांची तिकिटे, गाडीभाडे, खाणेपिणे, शिवाय आजीला घरी एकटी कसे ठेवायचे?

हिशेब करायलाच हवा. पगारदार माणसाला त्यावाचून गत्यंतर नाही. पण आम्हां मध्यमवर्गीयांचा आणखी एक स्वभाव आहे. एकदा पैसे मोजले, की ते वसूल झाले पाहिजेत! अशा उद्यानाचे तिकीट दिवसभराचे असते. एकदा आत गेले की बहुतेक पाळण्यांत कितीही वेळा बसायला मोकळीक. साहजिकच पाच वर्षांच्या चिमुरड्याला सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ओढत नेले जाते. संध्याकाळी सहाच्या सुमारास अशा कोणत्याही उद्यानात फेरी मारून पाहा. कडेवर झोपलेली मुले, जमिनीवर फतकल मारून रडणारी मुले, कातावलेल्या आया, आणि एखाद्या बापाचा चढलेला आवाज : "एवढे पैसे खर्चून आणलं, आणि वर रडतोस?" त्या मुलाने बिचाऱ्याने कधी म्हटले होते एवढे पैसे खर्च करा म्हणून! बेत चुकलेला असतो तो मोठ्यांचा. त्यांनी तो स्वतःच्या मापाने कापलेला असतो आणि मुलाच्या अंगावर चढवलेला असतो.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी असा बेत शिजतो आहे, त्यांना एकच सांगणे आहे. बेत घरातल्या सर्वांत धाकट्याच्या मापाने करावा. बाकीच्या साऱ्या सूचना त्याच्या पोटात येतात.

बाकावर बसलेला बाप

ही उद्याने मुळात निघाली कशी, हे पाहिले तर हाच धडा मिळतो. आपल्या जत्रेचे चित्र आठवा. मूल आकाशपाळण्यात, आणि बाप खाली त्याच्या चपला सांभाळीत उभा. अमेरिकेतही वेगळे काही नव्हते. वॉल्ट डिस्ने हा व्यंगचित्रपटांचा निर्माता आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जाई. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि हा बाकावर बसून राही. आईबाप आणि मुले मिळून जिथे मौज करू शकतील अशी एखादी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे तो पुढे सांगत असे.

त्या विचारातून लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागा होत्या त्या १६० एकर जमिनीवर, सुमारे वर्षभरात डिस्नेलँड उभे राहिले. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले. जत्रेतही पाळणे असतात आणि इथेही असतात. फरक एवढाच की इथे प्रत्येक पाळण्याला एक गोष्ट जोडलेली असते. होडी नुसती होडी नसते, ती चाच्यांच्या बेटावर निघालेली असते. 'थीम पार्क' म्हणतात ते याला. पुढे १९७१ साली फ्लोरिडात, १९८३ साली टोकियोत, १९९२ साली पॅरिसजवळ आणि २००५ साली हाँगकाँगला त्याची भावंडे निघाली. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीत अप्पू घर आणि १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. खाडी ओलांडून होडीने तिथे गेलेली शाळेची सहल आज चाळिशीत असलेल्या कित्येकांच्या आठवणीत असेल. खोपोलीचे इमॅजिका २०१३ सालचे.

डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची हकीकत मात्र बेत आखणाऱ्या प्रत्येक गृहिणीने वाचावी अशी आहे. खोटी तिकिटे छापली गेल्याने निमंत्रितांपेक्षा कितीतरी अधिक माणसे आत शिरली. ऊन इतके कडक, की नव्या रस्त्यांचे डांबर मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. त्यात नळकारागिरांचा संप झालेला. उद्घाटनापूर्वी पिण्याच्या पाण्याचे कारंजे तरी पुरे होईल किंवा स्वच्छतागृहे तरी, असा पेच पडला. डिस्नेने स्वच्छतागृहे निवडली! लहान मुलांना घेऊन घराबाहेर पडलेल्या कोणत्याही आईने हाच निर्णय दिला असता. आत शिरल्याबरोबर आधी कोणता पाळणा, हे पाहण्यापूर्वी स्वच्छतागृह कुठे आहे, ते पाहून ठेवावे.

उंचीची काठी

प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या तोंडाशी एक खूण केलेली काठी किंवा फलक असतो. मुलाचे डोके त्या खुणेला लागले तरच आत प्रवेश. फ्लोरिडाच्या उद्यानातील 'सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन' या सौम्य आगगाडीला ९७ सेंटिमीटर उंची लागते, तर 'स्पेस माउंटन' या अंधारातल्या वेगवान गाडीला ११२. पाच वर्षांचे मूल साधारण ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे एकीत ते बसेल आणि दुसरीच्या दारातून दोन बोटांसाठी परत फिरेल. आपल्याकडील कित्येक उद्यानांत तर मुलाचे तिकीटदेखील वयावरून न ठरता उंचीवरून ठरते.

तेव्हा पहिली तयारी घरच्या भिंतीवर. मुलांना भिंतीशी उभे करून पेन्सिलीने खूण करावी, टेपने माप घ्यावे आणि उद्यानाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे. ज्यात बसता येणार नाही ते पाळणे मुलाला घरीच सांगून टाकावेत. घरी झालेली निराशा दहा मिनिटांत विरते. तासभर रांगेत उभे राहून झालेली निराशा दिवसभर पुरते.

या काठीपाशी दिसणारा एक प्रकार मात्र मनाला लागतो. चांगली शिकलीसवरलेली माणसे मुलाच्या कानात हळूच सांगतात, "टाचा जरा उंच कर!" कुणी जाड तळव्याचे बूट घालून आणतात, कुणी काठीजवळच्या पोरसवदा कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतात. ती खूण कुणाच्या लहरीखातर केलेली नसते. अंगावर येणारा लोखंडी अडसर विशिष्ट बांध्याचे शरीर धरून ठेवण्यासाठी बेतलेला असतो. त्याहून लहान अंग त्यातून निसटू शकते. शिवाय नियम आपल्या आड आला की टाचा उंच करायच्या, हा धडा मूल त्या दिवशी शिकते, आणि तो फुकटात मिळतो. "पुढच्या दिवाळीला तू एवढा मोठा होशील, मग बसू," असे म्हणून हसत मागे फिरणाऱ्या आईबापांनी तिकिटाच्या किमतीपेक्षा अधिक काही मुलाला दिलेले असते.

दोन भावंडांत एक उंच आणि एक बुटके असले तर आईबाबांनी पाळी लावून घ्यावी. एकाने थोरल्याबरोबर जावे, दुसऱ्याने धाकट्याला कुल्फी द्यावी. डिस्नेच्या उद्यानांत अशा आईबापांपैकी दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही, अशी सोयच केलेली आहे. आपल्याकडे ती आहे का, हे त्या पाळण्याच्या दारातच विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत!

घरच्या घरी कूपने

आता त्या 'वसुली'विषयी. डिस्नेलँडमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षे सरसकट तिकीट नव्हते. कूपनांची पुस्तिका मिळे. 'ए' कूपन साध्या करमणुकीचे, आणि १९५९ पासून 'ई' कूपन सर्वांत थरारक पाळण्यांचे. कूपने मोजकी, म्हणून घरातली माणसे बाकावर बसून विचार करीत : हे कशावर खर्चावे? १९८२ साली ही पुस्तिका गेली आणि एकदा पैसे भरून दिवसभर काहीही करण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली, आणि निवड करण्याची सवय मात्र सुटली.

ती सवय घरच्या घरी परत आणता येते. जाण्याच्या आदल्या रात्री जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाची कूपने कापावीत. प्रत्येक मुलाला चार, आईबाबांना दोन-दोन, आणि आजी बरोबर असेल तर तिलाही दोन. ज्याचे कूपन त्याचा हुकूम. धाकटीने आपली चारही कूपने त्याच त्या घोड्यांच्या चक्रावर उडवली, तरी मोठ्यांनी हूं की चूं करू नये. लहान मुलाला नव्याचा सोस फार नसतो. ओळखीची गोष्ट पुन्हापुन्हा हवी असते. झोपताना तीच गोष्ट रोज मागणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको. आजीला आपले एक कूपन झाडाखाली स्वस्थ बसण्यासाठी वापरायचे असेल, तर सर्वांनी तिच्याबरोबर बसावे. कूपने संपली की दिवस पुरा झाला. उरलेला वेळ मिळालाच तर ती वरकमाई.

दिवसाची आखणी

खोपोली मुंबईकरांना आणि पुणेकरांना सारखीच सोयीची. द्रुतगती महामार्गाने जाता येते, मुंबईहून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकलही आहे. तिथला पाऊस धो धो असतो. त्यामुळे दिवाळीनंतरची उघडीप चांगली. भाऊबीजेनंतरचे लगेचचे दिवस आणि शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. उद्यान उघडण्याच्या वेळी दारात असावे. पहिल्या तासाभरात ज्याची रांग सर्वांत लांब वाढणार ते आधी करून टाकावे.

अंधाराच्या पाळण्यांपूर्वी मुलाला गोष्ट सांगून ठेवावी. इमॅजिकात होडीतून करायची एक सफर राजासॉरस या डायनोसॉरच्या नावाने आहे. हा प्राणी कल्पनेतला नव्हे. त्याची हाडे गुजरातेत खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. हे घरी ऐकलेले मूल होडीत भेदरण्याऐवजी बाबांनाच माहिती पुरवील. तरीही ते भ्याले आणि "नको" म्हणाले, तर त्याचे 'नको' मानावे. "इतका मोठा झालास नि घाबरतोस?" हे वाक्य घरी ठेवून यावे.

दुपारी एक ते तीन ही मुलांची पडती वेळ. या दोन तासांत रांग लावू नये. सावलीत जेवण, जमले तर डुलकी. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत घरचा डबा नेता येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाहेरचे खाणे अडवतात, तेव्हा तान्ह्याच्या खाण्यापुरती सवलत आहे का, हे आधी विचारावे आणि दारात शिरण्यापूर्वी पोटभर न्याहारी करून घ्यावी. पाण्याच्या सफरींसाठी प्रत्येकाचा एक कोरडा जोड बरोबर हवा. दिवाळीचे नवे बूट मात्र मुळीच नकोत. दुपारपर्यंत टाचेला फोड येतो आणि मग मूल बाबांच्या खांद्यावर.

मूल गर्दीत हरवण्याची धास्ती सर्वांनाच असते. सकाळी दारातच मुलांचे एक छायाचित्र काढावे, म्हणजे अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता यावरून आयत्या वेळी नवराबायकोत वाद होत नाही. आईबाबांचा दूरध्वनी क्रमांक चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात ठेवावा. आणि हरवलास तर धावू नकोस, गणवेशातल्या माणसाकडे जा, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्यावे.

शेवटचे सांगणे निघण्याच्या वेळेविषयी. मूल थकण्यापूर्वी निघावे. पाच वाजता, अजून दोन पाळणे बाकी असताना, मूल हसत असताना! "अजून एक!" असे म्हणणारे मूल घरी नेणे कितीतरी सोपे. "घरी चल" म्हणून रडणाऱ्या मुलाला आणखी एका रांगेत उभे करणे कठीण, आणि थोडेसे निर्दयही. जे राहिले ते राहू द्यावे. मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने वाढते. भिंतीवरची पेन्सिलीची खूण पुढच्या दिवाळीपर्यंत खाली गेलेली असेल, आणि काठीपाशी अडलेली ती गाडी तेव्हाही तिथेच असेल.