एका कुपीत शंभर पिल्लांची लस



म्हसवडच्या वस्तीवर यंदा नाताळाला टर्कीची पिल्ले द्यावीत का, असे आपल्यापैकी काहींनी विचारले. या प्रेमाबद्दल आभार. पण आधी गावठी कोंबडीची गोष्ट ऐका.

माणदेशात पाऊस बेताचा. जमीन नसलेल्या फासेपारधी कुटुंबाला म्हैस परवडत नाही; कोंबडी मात्र उकिरड्यावर किडे-दाणे वेचून जगते. तितर-लाव्हे फाशात धरण्याचा या लोकांचा पूर्वापार धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाला, पण पाखरांची पारख राहिली. खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवली की २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. हे त्यांना आपण शिकवायला नको.

खरा वैरी म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि चार दिवसांत खुराडे रिकामे. आम्ही पहिल्यांदा वाटलेल्या कोंबड्या अशाच गेल्या. एका आईने रिकामे डालगे माझ्यापुढे आणून ठेवले. मला उत्तर देता आले नाही.

या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात दुसऱ्या लसीची सुई. अडचण एकच: लहान कुपीसुद्धा १०० पिल्लांची असते. ती बर्फात आणायची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. एका घरात पिल्ले मात्र दहा!

म्हणून आता वस्तीतल्या बाया अंडी राखून जमेल तितक्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतात. थेंबांचा दिवस सगळ्यांचा एकच. शेजारणीची पिल्ले लसीवाचून राहिली तर रोग आपल्याही दारी येतो, हे त्यांना पटले आहे.

टर्की चांगलीच, हिरवा पाला आणि टोळ खाऊन वाढते. पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला दाणा टिपायलाही शिकवावे लागते. शिवाय कोंबड्यांच्या जंतांतून तिला यकृताचा जीवघेणा रोग होतो, म्हणून तिला वेगळी जागा हवी. एका खोपटात ती कुठून आणायची?

तेव्हा यंदा टर्कीऐवजी लसीच्या कुप्या आणि बर्फाची एक पेटी द्या. आणि थेंबांच्या दिवशी जमल्यास स्वतः या. पिल्ले धरायला हात कमी पडतात.