मेलाटोनिन: झोपेचं औषध नव्हे, रात्रीची वर्दी

मेलाटोनिनला सर्रास झोपेचं औषध म्हणतात. खरं तर रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणं हे त्याचं काम. म्हणूनच रात्रभर जागणाऱ्या उंदरांतही ते रात्रीच वाढतं. केवढं विलक्षण!

१९५८ मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. त्वचेचा रंग फिका करणारं द्रव्य ते शोधत होते.

नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी, उजेड मंद असेल तर, मेलाटोनिन चढू लागतं. साधारण रात्री २ ते ४ च्या दरम्यान शिखर गाठतं आणि पहाटे उतरतं. दहावी-बारावीच्या वयात हा चढ उशिरा सुरू होतो. तेव्हा रात्री अकराला टक्क जागं असलेल्या मुलाला कृपा करून आळशी म्हणू नका.

डोळ्याच्या पडद्यातल्या मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य असलेल्या पेशी निळसर उजेड चटकन टिपतात, आणि मेलाटोनिन दबतं. मोबाइलबद्दल सगळेच बोलतात. पण झोपण्याआधी दात घासताना बेसिनवर लख्ख पांढरा दिवा असतो, त्याचं काय? तिथे मंद पिवळा बल्ब लावा. मेलाटोनिनची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना डोसइतकीच वेळही नीट विचारा; अवेळी घेतली तर शरीराचं घड्याळ भलतीकडेच सरकतं.