सांगानेरच्या पाण्यातले शिसे

जयपूरजवळचे सांगानेर ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध. तिथल्या रंगाई-छपाईचे सांडपाणी वर्षानुवर्षे द्रव्यवती नदीत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या अमानीशाह नाल्यात, जात आले. आणि त्याच पाण्यावर आसपास भाजीपालाही पिकत आला. काही रंगांत क्रोमियम, तांबे असे धातू असतात. रंग उडून पाणी नितळ दिसले, तरी असे धातू, अगदी शिसे किंवा कॅडमियमही, त्यात असू शकतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत जेमतेम १० मिलिग्रॅम! कॅडमियमची मर्यादा तर लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे.

इतके सूक्ष्म मोजताना नमुना घेणे हाच सर्वांत नाजूक टप्पा, असे मला वाटते. बाटली आम्लाने धुतलेली हवी. पाणी भरल्यावर शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि आकडा फसवा, कमी येतो. फक्त विरघळलेला धातू मोजायचा, तर आम्लाआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळतात.

पुढचे काम अणुशोषण यंत्राचे. ही पद्धत ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. ग्राफाइटच्या छोट्या भट्टीत नमुना तापवून अणू मोकळे करतात आणि त्यांतून शिशाच्याच दिव्याचा प्रकाश सोडतात. शिशाचे अणू २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. शोषण जितके जास्त, तितके शिसे अधिक. ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून आकडा ठरतो. सोबत शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही तपासतात. त्यातही शिसे निघाले, तर ते बाटलीतून, आम्लातून किंवा प्रयोगशाळेच्या धुळीतून आलेले असते.