केबिनमागील संरक्षक चौकट : गरज व मर्यादा

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील सपाट, उघड्या ट्रेलरवरील मालवाहतुकीच्या संदर्भात केबिनमागील संरक्षक चौकटीचा विचार केला आहे. 'हेडेक रॅक' या नावाने ओळखली जाणारी ही पोलादी वा ॲल्युमिनियमची चौकट चालकाच्या पाठीमागे उभी असते. अचानक ब्रेक लावल्यास वाहनाचा वेग घटतो. माल मात्र जडत्वामुळे पुढे सरकू पाहतो.

अशी चौकट तेथील कायद्याने सर्व वाहनांना सक्तीची केलेली नाही. २००४ पासून लागू झालेल्या संघीय नियमांचा भर बांधणीवर आहे. मालाची बांधणी गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट मंदन सहन करणारी असावी लागते. म्हणजे २० टनांच्या पोलादी गुंडाळीसाठी १६ टनभार बल. माल पुढील अडथळ्याला टेकवलेला असल्यास, ६ फुटांहून कमी उंचीच्या अडथळ्याने मालाच्या निम्म्या वजनाइतके, म्हणजे येथे १० टनभार बल सहन करणे पुरेसे मानले जाते. तेही समप्रमाणात विभागलेले.

यावरून स्पष्ट होते की, सुटलेली अवजड गुंडाळी केवळ चौकटीच्या भरवशावर थोपवता येणार नाही. नळ्यांच्या मोळीची गोष्ट निराळी. पट्ट्यांचा दाब मधल्या नळीवर पुरेसा न पडल्यास ती एकटीच निसटून केबिनमध्ये घुसू शकते. तिला अडवण्यास चौकट उपयोगी पडते.

सारांश, नळ्या, गज, लाकूड अशा लांबट मालासाठी चौकट असणे इष्ट होय. तथापि ती बांधणीला पूरक आहे, पर्याय नव्हे. चौकट आहे म्हणून एखादी साखळी कमी बांधणे चालकाच्या जिवावर बेतू शकते.