जुना फोर-बाय-फोर पिकअप घेताना

इसुझूचा डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आला. सेकंडहँड घेताना हे तपासा:

• नंबरप्लेट: पांढरी खासगी, पिवळी व्यावसायिक. घरच्या भटकंतीसाठी पांढरीच घ्या.

• चासी: किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीचे सांधे खाऱ्या पाण्याने गंजतात. लिफ्टवर चढवून खालून पाहा.

• फोर-बाय-फोर: मोकळ्या मातीत फोर-एच आणि फोर-एल दोन्ही लावून चालवा. कोरड्या डांबरावर मात्र नको. वळताना ट्रान्सफर केसवर ताण येतो. फोर-एल लागत नसेल, तर सौदा सोडा.

• टायर: चारही एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत.

• कागदपत्रे: नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होते का? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.