अंगणातील देशी वनस्पती आणि त्यांचे आश्रित

देशी आणि विदेशी : मनुष्याने न आणता ज्या वनस्पती एखाद्या प्रदेशात मूलतः वाढत आल्या, त्या तेथील देशी. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचे. परकी वनस्पती उपद्रवी असतेच असे नाही; उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली घाणेरी मात्र दोन्ही सदरांत दाखल आहे.

खाद्य वनस्पती : मधुरसासाठी फुलपाखरू नाना जातींच्या फुलांवर उतरते, परंतु अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे तीच मादी, अळीला जी पाने पचतील अशाच मोजक्या वनस्पतींचा शोध घेते.
• रुई : प्लेन टायगर
• कढीलिंब : कॉमन मॉरमॉन
• लिंबूवर्गीय झाडे : ब्ल्यू मॉरमॉन, महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू, २०१५ पासून

पाने कुरतडलेली दिसताच (बागवानाला ते सहसा रुचत नाही) कीटकनाशक फवारल्यास फुलपाखरांची भावी पिढीच नष्ट होते. शिवाय पिलांना अळ्या भरविणाऱ्या पक्ष्यांचा शिधाही तुटतो.

पक्ष्यांसाठी : पांगारा आणि काटेसावर हिवाळा सरता सरता, पानगळ झालेल्या फांद्यांवर फुलतात, आणि त्यांच्या मधुरसावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची वर्दळ असते. उंबराची फळे खोडाला व जाड फांद्यांना लगडतात. तांबट, हरियाल व फलाहारी वटवाघळे त्यांचे गिऱ्हाईक. मुळे दूरवर पसरत असल्याने उंबराची जागा इमारतीपासून व जलवाहिन्यांपासून लांब, आवाराच्या हद्दीकडे.

लहान जागेत : कढीलिंब व लिंबू मोठ्या कुंडीतही वाढतात.